मुक्यानं काढलेला शनिवार-रविवार

ज्या गळ्यानं मी आयुष्यभर बिरोबाच्या ओव्या म्हटल्या, त्याच गळ्यात गाठ निघाली. तेव्हा मला पहिला राग आला तो देवाचाच. आजारपणात माणूस देवाच्या जास्त जवळ जातो म्हणतात. माझं उलटं झालं. घरातल्या देवांच्या टाकांना रोज पाणी घालणारा मी, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

आमचं घर मेंढपाळांचं. गेवराई तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण पोट खरं मेंढरांवर. वडील ओव्या म्हणायचे, त्यांच्यामागे मी म्हणू लागलो. ढोल सुरू झाला की कानावर हात ठेवून मी पहिली ओळ उचलायची आणि मागच्यांनी ती झेलायची. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. माझा आवाज माळापलीकडच्या वस्तीवर ऐकू जातो असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. मागच्या हिवाळ्यात हा आवाज बसला तो बसलाच. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, अंगारा झाला. शेवटी गेवराईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "इथं वेळ घालवू नका. बीडला जा."

बीडचं नाव ऐकलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. जिल्ह्याचं गाव, म्हणून कचेऱ्या तिथं, कोर्ट तिथं, मोठे दवाखाने तिथं. माणूस अडला की बीडला जातो, सुखासुखी कुणी जात नाही. गायरानाच्या भांडणापायी माझे वडील तिथल्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून म्हातारे झाले. आणि काही वर्षांपूर्वी बायकोचं पोट दुखायला लागलं म्हणून तिला मी तिथंच नेलं. जाताना एसटीत ती सुनेला कोणत्या रंगाची साडी घ्यायची ते बोलत होती. येताना मी तिला गाडीत आडवी घालून आणली. त्यानंतर कधी बीडवरून पुढं जायची पाळी आली तर बस स्टँडात लागल्यावरही मी खाली उतरत नसे. खिडकी ओढून घ्यायची आणि गाव मागं जाईपर्यंत डोळे मिटून बसायचं.

गळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी दुर्बिणीनं बघितलं, मग भूल देऊन गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. शुक्रवारी मला सुट्टी देताना त्या माझ्या धाकट्या मुलाला म्हणाल्या, "रिपोर्ट सोमवारी येईल. तोपर्यंत यांनी एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. आणि बीड सोडायचं नाही. रक्त आलं तर लगेच इथं यायचं."

"घरी नेलं तर न्हाई का चालायचं, मॅडम?" धाकट्यानं विचारलं. "घरी माझी बायकू एकटी हाय मेंढरापाशी."

"घरी नेलं की हे बोलणार," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून हसल्या. "बोलणार ना?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी बोट वर केलं. धाकटा हसला. मला काही हसू आलं नाही.

त्यानं मला स्टँडजवळच्या एका लॉजवर खोली बघून दिली. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठळक अक्षरात लिहून दिलं की घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायची बंदी आहे. "आण्णा, कुनी कायबी म्हनलं तरी बोलू नगा बरं का," असं तीनतीनदा बजावलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याचा इलाज नव्हता. मेंढ्या विण्याचे दिवस होते, सुनेला एकटीला कळप आवरत नव्हता. पण गाडी वळली आणि मला वाटलं, ज्या गावानं माझ्या बायकोला गिळलं त्याच गावात मला एकट्याला, तेही मुका करून, टाकून गेले.

शनिवारी सकाळी चहाला बाहेर पडलो. हॉटेलवाल्याला पुठ्ठा दाखवला. त्यानं तो वाचला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, "साखर कमी का जास्त?" सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. बाकावर बसलेला एक रिक्षावाला त्याला म्हणाला, "अबे, ओरडतो कावून? मुका हाय तो, बहिरा न्हाई." मग सगळ्यांनाच माझी दया आली. तीही मला नको होती. पुढं पेरूवाल्यानं वजनात मारलं आणि मला भांडता आलं नाही. एका मोटारसायकलवाल्यानं जवळजवळ अंगावर गाडी घातली, वर मलाच शिवी दिली, आणि मी नुसता उभा. बोलता येत नसलं की माणसाच्या अंगात केवढा राग साठतो ते मला त्या दिवशी कळलं. खोलीवर जाऊन पडलो तर भिंतीपलीकडे टीव्ही, खाली गाड्यांचे हॉर्न. छताकडे बघत एकच विचार, गाठ साधी नसली तर काय.

ऊन उतरल्यावर खोलीत बसवेना म्हणून निघालो. चालत, विचारता येत नाही म्हणून चुकत, कंकालेश्वराच्या देवळाशी पोचलो. दगडी देऊळ, चारी बाजूंनी पाणी. आत गार होतं. पिंडीसमोर उभा राहिलो, हात जोडले, आणि पुढं काय करायचं हेच सुचेना. हे वाचून कुणाला हसू येईल. पण लहानपणापासून मी देवापुढं उभा राहिलो तो गाण्यासाठीच. देव दिसला की ओवी उचलायची. गाण्याशिवाय देवापुढं माणूस काय करतो, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर पहिल्याच ओळीला राग आडवा आला. ज्या गळ्यानं तुला आळवलं तोच घेतलास, मग आता काय वाजवू तुझ्यापुढं? हात तसेच खाली सोडले आणि बाहेर पाण्याकडच्या पायरीवर येऊन बसलो.

"जरा सरका, भाऊ. हितं सावली हाय." सत्तरीची एक बाई, नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण. मी सरकलो. तिनं विचारलं, कोणत्या गावचे? मी पुठ्ठा पुढं केला. "मला अक्षर येत न्हाई, बाबा," ती म्हणाली. मग मी गळ्याकडे बोट दाखवलं. "जल्माचे मुके हाव का?" मी मान हलवली. "मग आपरेशन?" मी हो केलं. "बरं मंग, गप बसा," म्हणाली आणि स्वतः बोलायला लागली.

ती पाली गावाकडची. नवरा मेंढरांमागं हिंडणारा, तिनंही त्याच्या मागं उभा जन्म रानात काढलेला. तो गेल्यावर लेकांनी कळप विकला. आता नातू बीडला क्लासला, त्याला भाकरी करून घालायला तिला इथं भाड्याच्या खोलीत आणून ठेवलेली. "सकाळी डबा झाला की दिसभर भिंतीकडं बघायचं. मला न्हाई आवडत हे गाव. पर मानसाला कुठंतरी बसावं तर लागतंय, म्हनून हितं येऊन बसते." मग ती नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्याचं सांगू लागली. मी बोलता असतो तर काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मधेच अडवून माझ्या बायकोचं सांगितलं असतं. नाहीतर, देवाच्या मनात असतं तसं होतं, धीर धरा, असलं काहीतरी म्हटलं असतं. बायको गेली तेव्हा मला शंभर जणांनी तेच सांगितलं होतं आणि एकाचंही मला लागू पडलं नव्हतं. त्या दिवशी ते शब्द माझ्याजवळ नव्हते. मी नुसतं ऐकलं. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं बघितलं, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

उठताना ती म्हणाली, "लई दिसांनी कुनी मधी न बोलता ऐकलं. उद्या हाव ना?"

मी मान डोलावली.

रविवारी मी तिच्या आधी जाऊन बसलो. बीडमध्ये मी कुणाची तरी वाट बघतोय, हे माझं मलाच नवल वाटलं. ती आली, पिशवीतून भाकरीवर पिठलं काढलं, माझ्यासाठी दुधात कुस्करून भाकरी वेगळ्या डब्यात आणली होती. घशाचं ऑपरेशन हे तिच्या लक्षात होतं. खाऊन झाल्यावर पाण्याकडे बघत म्हणाली, "आमचं म्हातारं ओव्या म्हनायचं बिरोबाच्या. मी मागनं झेलायची. बायांनी म्हनू न्हाई म्हनत्यात, पर रानात कोन बघतंय? ते गेल्यापसनं माझ्या तोंडातून एक ओळ निघाली न्हाई."

मी ओव्या म्हणतो हे तिला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. मी तिच्याकडे वळून बसलो आणि हातानं खूण केली, म्हणा.

"हितं? लोक काय म्हनतील," असं म्हणत तिनं इकडं तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात, कापऱ्या गळ्यानं सुरू केलं:

मेंढरं गेली माळाला, माझा देव न्हाई घरी,
दिस डोंगरावर आला, वाट बघते मी दारी...

आणि अडली. "फुडं काय हाय? बघा, इसरले." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. तिचा चेहरा पार उतरला. "गेलं ते बी गेलं," ती पुटपुटली.

पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. ही ओवी मी असंख्य वेळा म्हटलेली, ती ओळ तर मी लांबवायचो आणि लोक शिट्ट्या मारायचे. एका शब्दाचं काम होतं. नुसतं "नगं" म्हटलं असतं तरी तिला पुढचं आठवलं असतं. मी श्वास ओढला, गळ्यात टोचलं, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मग काय करावं कळेना म्हणून ढोलाचा ठेका पायरीच्या दगडावर हातानं धरला. तिनं चमकून बघितलं. डोळे मिटले. ठेक्यावर पहिल्यापासून घेतलं, 'दारी' या शब्दापर्यंत आली, थांबली. मी ठेका सोडला नाही. आणि मग तिचं तिलाच सापडलं:

नगं बघू बाई वाट, देव कळपाच्या माघारी.

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "खरंय की हो. म्हातारं म्हनायचं, कळपाच्या फुडं मानूस चालतंय, मागं देव चालतोय. लंगडं कोकरू मागंच ऱ्हातंय ना, त्याला कोन बघनार?"

मी ही ओळ म्हणत म्हातारपणाला आलो, पण ऐकली त्या दिवशी. आजवर मी पुढं, आवाज पुढं, देव समोर, असंच मांडून ठेवलं होतं. मागं कोण चालतंय ते वळून बघायला सवड नव्हती. त्या पायरीवर, माझ्या नावडत्या गावात, मुका होऊन मागं पडलो तेव्हा जे माझ्याशेजारी येऊन बसलं, त्याला मी काय म्हणू? त्या माउलीला निरोप देऊन मी पुन्हा आत गेलो. पिंडीसमोर उभा राहिलो. ओवी नाही, मागणं नाही. एवढंच मनात आलं, की गळा तुझाच होता, ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने. बाहेर आलो तेव्हा लॉजकडची वाट मला न चुकता सापडली.

सोमवारी धाकटा आला. डॉक्टरीणबाईंनी आधी घसा बघितला. "एकही शब्द बोलला नाहीत, दिसतंय. जखम छान भरतेय." मग रिपोर्ट उघडला. गाठ साधी होती. धाकटा सुटल्यासारखा तिथंच खुर्चीवर बसला. पुढं आणखी एक छोटं ऑपरेशन झालं, आवाज परत आला. पण पहिला नाही आला. तो जाडसर झालाय, वर चढत नाही, लांबच्या वस्तीवर तर मुळीच जात नाही.

यात चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. जे होतं ते तुकडा काढला तेव्हाच बाटलीत बंद झालं होतं, माझ्या प्रार्थनेनं ते बदललं नसणार. शिवाय गाठ वाईट निघाली असती, तर हे लिहायला मी असतो की नाही, देव जाणे. मला एवढंच सांगायचंय की रिपोर्ट हातात पडण्याआधीच माझी भीती गेली होती, आणि ती घालवायला मी काहीही केलं नव्हतं. तो धीर मला दिला गेला. ज्यानं तो दिला त्याचे उपकार मानायला माझा उरलेला आवाज पुरतो.

नंतर तपासणीसाठी बीडला गेलो तेव्हा बस स्टँडात लागल्याबरोबर उतरलो आणि आधी देवळात गेलो. माय पायरीवर होती. जवळ जाऊन म्हटलं, "माय, ओळखलं का?"

तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि गालावर हात मारून घेतला. "आगं बया! तुमाला बोलता येतंय व्हय? चांगलं झालं, लई चांगलं झालं." मग पदर सावरला. "पर मंग आता माझं ऐकनार कोन?"

मी हसलो. हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो.