जान्याबाबांच्या कुत्र्यांचा वंश आणि राऊतसाहेब

मुंबई राज्य होते तेव्हाची गोष्ट. डहाणूच्या गुरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, म्हणून हजर झालो, त्या दिवशी डॉ. राऊतसाहेब एका अडलेल्या म्हशीच्या मागे गुडघाभर चिखलात उभे होते. ओळख करून द्यायला मी तोंड उघडले, तर म्हणाले, "आधी शेपूट धरा, नाव मग सांगा." आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या विद्वत्तेवर लिहायला सांगितले आहे. ते काम जाणती माणसे करतील. मी माझ्या एका गाढवपणावर लिहितो, कारण साहेब मला कळले ते त्यातून.

तलासरीकडच्या पाड्यांवर रानडुकरे भाताची नासाडी करीत. तिथल्या वारली शेतकऱ्यांचा सारा भरवसा शिकारी कुत्र्यांवर, आणि त्यांत जान्याबाबांच्या घरचे वाण नावाजलेले. अंगाने लहान, भुंकणे कमी, डुकराला अडवून धरतील पण अंगावर जाणार नाहीत. पुढे नरपडच्या एका बागायतदारांनी विलायती शिकारी कुत्रा आणला. त्याच्यापासून जान्याबाबांच्या एका कुत्रीला झालेली पिल्ले चांगली बकरीएवढी वाढली आणि पहिल्या वर्षी त्यांनी शिकारही झकास केली. झाले, माझ्या अंगात संकराचे वारे शिरले. साहेब रजेवर असताना मी आसपासच्या पाड्यांवरचे गावठी नर झाडून सारे खच्ची करून टाकले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

पुढच्या पिढीची कुत्री जड निपजली. उन्हात धापा टाकायची, भुंकून रान उठवायची आणि सरळ डुकराच्या सुळ्यांवर जायची. एका हंगामात चार मेली आणि डुकरांनी पाड्याचे उभे भात लोळवले. जुन्या वाणाची एकच म्हातारी कुत्री उरली, वाघी. जान्याबाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून साहेबांना म्हणाले, "डाक्तर, हिच्यामागं कोन नाय. आता भात कोन राखंल?" धरणी पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

साहेब रागावले नाहीत. मी दवाखान्याच्या वह्या चाळत बसलो होतो, जणू कुत्र्यांच्या कुंडल्या सरकारात नोंदवलेल्या असतात. साहेबांनी जान्याबाबांना भलतेच विचारले, "बाबा, लेकी कुठं कुठं दिल्या?" पाड्याची रीत त्यांना ठाऊक होती. शिकारी कुत्रीचे पिल्लू विकायचे नाही, परक्याला द्यायचे नाही. ते लेकीच्या पाठोपाठ तिच्या सासरी जाते. आम्ही तिघे पायी निघालो. थोरल्या दोघींकडे काही उरले नव्हते. धाकटी लेक डोंगरापलीकडे दिलेली, तिथवर माझा प्रताप पोचला नव्हता. तिच्या अंगणात वाघीच्याच तोंडवळ्याचा नर लोळत होता. ती बापाला म्हणाली, "कुत्रा न्याया आलास, मना भेटाया नाय?" जान्याबाबा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. साहेबच म्हणाले, "दोन्हीला आलो आहोत, बाई. कुत्रा पंधरा दिवसांत परत आणून देतो." आणि त्यांनी स्वतः नेऊन दिला.

वाघीला तीन पिल्ले झाली. आज त्या पाड्यांवर तोच वंश भात राखतो आहे. साहेब संकराचे वैरी मात्र नव्हेत. पुढे काही संकर त्यांनीच जुळवून दिले. "संकर खुशाल करा, पण बियाण्याचे भात शिजवून खाऊ नका," एवढेच त्यांचे म्हणणे.

आता आजवर न सांगितलेले सांगतो. खच्ची करण्याची तक्रार वर गेली तेव्हा चौकशीच्या कागदावर साहेबांनी लिहिले, "रजेवर जाताना मीच तसा हुकूम दिला होता." माझी नोकरी कच्ची होती, घरी लग्नाची बहीण होती. त्या एका ओळीने साहेबांची बढती गेली. मी गप्प बसलो आणि त्यांनी तो विषय कधी काढला नाही. असा हुकूम त्यांनी दिलाच नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती, हे आज सर्वांसमक्ष लिहून देतो.

साहेब, आपणांस निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आपल्या पायांत डोंगर चढण्याचे बळ राहो. आणि हे वाचल्यावर मला घरी बोलावून एकदा तरी मनसोक्त रागवा. इतकी वर्षे मी त्याची वाट पाहतो आहे.