जाऊबाईचा दोरा आन् माझी एका चाकाची सायकल

बायांनो, आज माझी एका चाकाची सायकल चालली. लई खुश हाय मी.

काल नवी आली, तर चाक डावीकडं, त्याला धरणाऱ्या चिमट्याला घासायलं. परत पाठवायला एकाच दिवसाची मुदत, म्हंजी आज शेवटचा दिवस. थोरल्या जाऊबाई म्हणल्या, "दे पाठवून. दुसरं चाक बी न्हाई तिला."

म्हणलं, "आमचे मालक पाच वर्षांखाली वर गेले. एकच चाक राहिलं म्हणून मला कुनी परत पाठवलं का?"

गेवराईला मिस्त्रीकडं नेली. तो लगेच तारा आवळून आऊट काढायला बसला. मी हातच धरला. "आऊट असता तर चाक लचकत फिरलं असतं. हे सरळ फिरतंय, निस्तं एका अंगाला कललंय. डावा नट खोल."

खोलला तर बेरिंग आन् चिमट्याच्या मधी लाल दोरा दबलेला. काल चाक बसवायच्या आधी जाऊबाईनं पूजा करून बांधलेला. तो कापला, नट आवळले, चाक मधोमध.

घरी जाऊबाईचा खांदा धरून आंगणभर चालवली. दोनदा पडले. म्हणलं, "बाई, तुमच्या दोऱ्यानं माझी सायकल परत जात होती."

"गप. उतर, मला बसू दे."

आता सांगा, साठीच्या जावंला आधी काय शिकवू, बसायला का पडायला?