शिलावीरचा दुसरा भाग

ललित आमच्या कंपनीत टूल रूमला आहे. सातपूरच्या कारखान्यांत त्याच्याइतका शांत माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्याच्यासमोर सुपरहिरोच्या सिनेमाचं नुसतं नाव काढा आणि मग बघा. समोरचा डबा गार होतो, जेवणाची सुट्टी संपते, तरी गडी थांबत नाही. मी वीसेक वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खातोय, त्यामुळे माझी इच्छा नसताना या विषयातलं माझं शिक्षण पूर्ण झालेलं आहे.

त्याचं पहिलं म्हणणं असं, की या सिनेमावाल्यांना मुखवटा कळलेलाच नाही. "मुखवटेवाला मुखवट्यातच पाहिजे ना? पण एवढा मोठा नट घेतलाय, त्याचं थोबाड दाखवल्याशिवाय यांना राहवत नाही. अर्ध्या तासात मुखवटा खाली!" दुसरं म्हणणं दोन चौकटींबद्दल. कॉमिक्समध्ये एका चौकटीत हिरो गच्चीवर असतो, पुढच्या चौकटीत तो समोरच्या गच्चीवर. मधे बोटभर पांढरी पट्टी. "ती उडी वाचणाऱ्याने मारायची असते. सिनेमात तीपण तेच मारतात. आपण नुसते पॉपकॉर्न खाणार." आणि सिनेमा संपून नावं सुरू झाल्यावर जो पुढच्या सिनेमाचा तुकडा दाखवतात, त्याच्यावर तर त्याचा फार राग. म्हणतो, पंगतीत जेवण झालं, हात धुतले, आणि मग वाढपी येऊन सांगतो, श्रीखंड पुढच्या लग्नात आहे.

एवढं असूनही प्रत्येक सिनेमा पहिल्या आठवड्यात बघायचा आणि मला ओढून न्यायचं, हे चुकत नाही. नावं ठेवायची तर बघावं लागतंच, हे त्याचं तत्त्व आहे.

मोबाईलवर आणि टीव्हीवर महिन्याच्या वर्गणीने जे दिसतं, त्याला तो भाड्याची खोली म्हणतो. त्यांच्या घरात ते आहे, पण पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या, राजच्या पासवर्डवर. "ते आपलं असतं का? आज आहे, उद्या काढून टाकतात. तुम्हाला विचारतात तरी का? जे हातात धरता येत नाही ते आपलं नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते माझ्या स्वप्नातही येतं.

हातात धरता येतील अशी त्याच्याकडे दोन लोखंडी कपाटं भरून कॉमिक्स आहेत. कपडे पलंगाखालच्या बॅगेत, कॉमिक्स कपाटात. मधे कडुनिंबाचा पाला. काही हौशी लोक कॉमिक्स प्लास्टिकमध्ये बंद करतात आणि जन्मात उघडत नाहीत, त्यांची तो कीव करतो. "लोणच्याची बरणी आहे का ती? लोणचंसुद्धा लोक उघडून खातात." म्हणजे कॉमिक्स वाचायचं, पण बसून, कोरड्या हाताने, आणि कपाटासमोरच. उसनं द्यायचं नाही. छायावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, कपाटाजवळ जायची मुभा झाडू मारण्यापुरती.

आता या माणसाचं दुखणं सांगतो. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याने स्टँडवर शिलावीरचा पहिला भाग घेतला. शिलावीरची गंमत अशी, की त्याने शक्ती वापरली की दर वेळी त्याच्या अंगाचा थोडा भाग कायमचा दगड होतो. पहिल्या भागाच्या शेवटी तो छातीपर्यंत दगड झालेला आहे, वर धरणाला तडा गेलाय आणि खाली गाव झोपलंय. आता शक्ती वापरली तर हा संपला, नाही वापरली तर गाव संपलं. पुढे काय झालं, वाचा दुसऱ्या भागात.

तो दुसरा भाग ललितला मिळालाच नाही. छापणारे बंद पडले. त्याने रद्दीवाले पालथे घातले, मालेगावपर्यंत चकरा मारल्या. कोणी मोबाईलवर पानांचे फोटो पाठवतो म्हणालं, तर याने नको म्हटलं, कागदावरच वाचणार. शेवट जो तोंडी सांगेल त्याच्याशी बोलणं बंद, असंही जाहीर केलं. लग्न झालं, मुलगा मोठा होऊन पुण्याला गेला, डोक्यावरचे केस गेले, आणि शिलावीर आपला धरणाखाली उभा.

यंदा बातमी आली, की शिलावीरवर मालिका निघतेय. सगळे भाग एकदम, शुक्रवारी संध्याकाळी, राजच्या त्याच पासवर्डवर. मला वाटलं ललित नाचेल. तर हा पांढराफटक. "म्हणजे शनिवारपासून शेवट सगळ्या गावाला माहीत. कॅन्टीनमधलं कोणीही शेंबडं पोर मला येऊन सांगणार." बरोबरच होतं त्याचं. इतकी वर्षं जपलेली भूक अशी कोणाच्याही हातून भागणार, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. "आहेस तसा ये." मला वाटलं कोणी आजारी पडलं, मी गाडी काढून पळालो. तर हा टेबलाशी उभा, समोर शेवंतीची फुलं पसरलेली आणि ती ज्या कागदात बांधून आली होती तो ओला कागद त्याच्या दोन्ही तळहातांवर. कागदावर दगडाचा हात असलेला माणूस. कोपऱ्यात पान नंबर, वर नाव: शिलावीर, भाग दुसरा. वहिनींनी देवासाठी मंडईतून फुलं आणली होती, ती या पुडीत.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, हे मी..."

"थांब गं, पाणी उडेल त्याच्यावर. तुला नाही कळायचं," ललित म्हणाला. त्या परत आत गेल्या.

आम्ही मंडई गाठली. मखमलाबादच्या अंबूबाई तिथं फुलं आणि पालेभाजी घेऊन बसतात. ललितने कागद समोर धरला.

"का वो भाऊ, फुलं खराब निघाली का?"

"फुलं नाही हो, कागद. याची बाकीची पानं कुठं आहेत?"

"हायती की गोणपाटाखाली. रद्दीच हाय ती. पुडी बांधाया पानं सुटी केली म्या."

ललित फूटपाथवरच मांडी घालून बसला आणि एकेक कागद उलटायला लागला. पेपर, लग्नपत्रिका, शाळेच्या वह्या, आणि मधूनच शिलावीर. अंबूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी पेपर येत नाय का यांच्या?" मी काय सांगणार, कप्पाळ!

सगळी पानं मिळाली, फक्त शेवटचं सोडून. ते सकाळीच एका हाराभोवती गुंडाळून गेलं होतं. "अमोल नेतो रोज हार, गाडीला. कांद्याचा टेम्पो हाय त्याचा. विंचूरच्या मार्केटात घावंल, तिथं लय वळखत्यात त्याला," अंबूबाई म्हणाल्या. कागदांचं काही घेईनात. "त्यापरीस फुलं घ्या. रिकाम्या हातानं नका जाऊ." ज्याने कधी देवाला हात जोडले नाहीत तो ललित झेंडूची पिशवी घेऊन घरी गेला. मिळालेली पानं मात्र त्याने वाचली नाहीत. वाचायचं तर पूर्ण, म्हणाला.

गुरुवारी आम्ही दोघांनी हाफ डे टाकला आणि मोटरसायकलवर विंचूर गाठलं. मार्केटात ट्रॅक्टरांची रांग लागलेली, लिलाव चाललेला, कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. विचारत विचारत अमोल सापडला. टेम्पोवर चढून कांद्यावर ताडपत्री बांधत होता. केबिनमध्ये हार लटकत होता.

"तो कागद? काच पुसली राव त्यानं. दिला टाकून रस्त्यात."

"कुठं?"

"निफाडच्या अलीकडं कुठं तरी. काय होतं त्यात, बिल-बिल होतं का?" मग त्यालाच आठवलं. "चित्र लय भारी होतं पण! दगडाचा माणूस, त्याचा हात असा..."

"नको! नको सांगू!" ललितने दोन्ही कान गच्च दाबले. हमाल काम सोडून बघायला लागले.

येताना निफाडच्या अलीकडे आम्ही रस्त्याच्या कडेकडेने गाडी चालवली. कागद पुष्कळ दिसले, तो दिसला नाही. चहाच्या टपरीवर ललितने ग्लास हातात घेतला आणि नुसता धरून बसला. "काल सकाळी तासभर आधी फुलं आणायला मीच गेलो असतो तर..." म्हणाला. वीस वर्षं मी त्याची टिंगल केली, पण त्या टपरीवर माझा जीव तुटला त्याच्यासाठी.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला घरी बोलावलं. ठरवलं होतं, आहेत तेवढी पानं वाचायची आणि शेवट मालिकेत बघायचा. रस्त्यात कोणी सांगण्यापेक्षा ते बरं. हात धुऊन, कोरडे करून तो वाचायला बसला. शिलावीर दगडी पाय ओढत धरणाची भिंत चढला, वर पोचला, तड्यासमोर उभा राहिला, आणि पानं संपली. ललितने एक सुस्कारा सोडला आणि रिमोट उचलला.

तेवढ्यात वहिनी नॅपकिनला हात पुसत बाहेर आल्या. "त्यासाठी नका लावू टीव्ही. त्या शेवटच्या पानावर काही नव्हतं."

"म्हणजे?"

"तो हात वर उचलतो फक्त. आणि खाली लिहिलंय, पुढे काय झालं, वाचा तिसऱ्या भागात."

ललितचं तोंड उघडं राहिलं. "तिसरा भाग आहे?"

"होता. चांगला जाड होता. सटाण्याला आमच्या घरासमोर सायकलचं दुकान होतं, तो दुकानवाला कॉमिक्सपण भाड्याने द्यायचा. दादा आणायचा, आणि दुपारी तो झोपला की मी वाचायची. शिलावीरचे तिन्ही वाचलेत मी. तिसरा तर दोनदा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"परवा सांगायला आले होते, तर म्हणालात तुला नाही कळायचं." वहिनींच्या आवाजात राग नव्हता. दूध संपलंय म्हणून सांगावं, तसं त्या बोलत होत्या. "आणि इतकी वर्षं कॉमिक्सचंच ऐकतेय तुमच्याकडून. पण छाया, तू लहानपणी काय वाचायचीस, असं एकदा तरी विचारलंत का?"

मी पंख्याकडे बघायला लागलो. दुसरीकडे कुठे बघणार? ज्या बाईच्या हातात त्याने कधी एक कॉमिक्स दिलं नाही, ती अख्खी गोष्ट घेऊन त्याच्या घरात नांदत होती. ललितला ते माझ्याआधी कळलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले होते. त्याने रिमोट ठेवला, सोफ्यावरची पानं उचलून बाजूला केली आणि जागा करून दिली.

"बस. सांग."

"शेवट सांगितला की तुम्ही बोलणं बंद करता."

"सांग गं."

वहिनी बसल्या. थोडा विचार केला. "शेवट असा एकदम नाही सांगता यायचा. पहिल्या भागापासून सांगते."

"पहिला भाग पाठ आहे मला."

"तो तुमचा. आता माझा ऐका," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सुरुवात केली. ललित एकदाही मधे बोलला नाही.