येळवशीच्या पंगतीतले पाहुणे

जर्मनीत एका सेमिस्टरसाठी माझी निवड झाली तेव्हा आईनं एकच अट घातली, रोज व्हिडिओ कॉल. मला वाटलं, मायेपोटी. पहिल्याच आठवड्यात कळलं की ती तपासणी होती. "फोन फिरव बरं. त्या कपाटामागं काय हाय? अन् हे दुसरं ताट कुणाचं?" ताट माझंच होतं, आदल्या दिवशीचं, न धुतलेलं. ते सांगितलं तर आळशीपणाबद्दल बोलणी बसली ती वेगळीच. बेंबळीजवळच्या आमच्या गावात मुलगी पुण्याला शिकायला गेली तरी चर्चा होते, मी तर समुद्र ओलांडला होता. हे सगळं समजत होतं, तरी राग यायचा तो यायचाच.

पण खाण तशी माती. संशय घेण्यात मी आईच्याही वरताण.

डिसेंबरात घरचे फोन बदलले. तपासणी एकदम बंद! वडील, म्हणजे आमचे अण्णा, "नंतर बोलू, माणसं आल्यात" म्हणून फोन ठेवायला लागले. एक दिवस आईनं विचारलं, "साडीतला एखादा फोटू हाय का गं अलीकडचा?" कशाला, तर म्हणे सहज. लग्नाच्या वयाच्या मुलीचा साडीतला फोटो आमच्याकडं कुणी सहज मागत नाही. माझ्या वर्गातल्या दोघींचं शिक्षण अशाच फोटोनं संपलं होतं. मला परतून डिग्री पूर्ण करायची होती, त्याच्याही पुढं शिकायचं होतं. इकडं मी पुस्तकं उघडून बसायची आणि तिकडं आपली सोयरीक ठरत असेल या भीतीनं एक पान धड वाचून व्हायचं नाही. तरी दिवाळीतला एक फोटो पाठवला.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं अख्खं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा होते आणि मग भज्जी-आंबिलाची पंगत बसते. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. पंगतीत परकं माणूस नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. हे मला लहानपणापासून ठाऊक.

आई फोनवर कोप दाखवत होती. मागं पंगतीत एक नवराबायको दिसले. पन्नाशीचे, अनोळखी. अण्णा त्यांना स्वतः आग्रह करून वाढत होते, आणि ती बाई अण्णांच्या मोबाइलवर काहीतरी निरखून बघत होती. माझाच फोटो, दुसरं काय! तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, मला न इचारता माणसं बोलावता व्हय? म्या काय बाजारातली म्हस हाय का? ठरवा तुमचं तुम्ही. म्या माघारी येतच न्हाय!"

स्पीकर चालू होता. सगळ्या पंगतीनं ऐकलं.

अण्णांनी फोन हातात घेतला. आवाज चढवला नाही. "माय, हे आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचे पाहुणे हायेत. यांची पोरगी पुढच्या सेमिस्टरला तिकडंच यायचीय. पाठवावं का न्हाय, ते इचारायला आलेत. पोरी तिकडं जाऊन बिघडत न्हायत, आठ दिवस झालं तेच सांगायलोय म्या त्येन्ला." फोटो त्या मुलीच्या आजीला दाखवायचा होता, तिकडं गेलेली पोर अजून साडी नेसते म्हणून.

त्या गृहस्थांनी पानावरचं संपवलं आणि हात धुतला. गेलेली मुलगी माघारी येतच नाही म्हणते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

सेमिस्टर संपवून परतल्यावर मी वाशीला त्यांच्या घरी गेले. मुलगी घरीच होती, तिच्या जागी दुसरंच कुणी गेलं होतं. मी माफी मागितली. लाजेनं मान वर होत नव्हती. ती रागावली नाही. चहाचा कप पुढं करत तिनं विचारलं, "ताई, सगळ्यांम्होरं तुम्ही येवढं बोललाव, तरी अण्णांनी तुम्हाला माघारी बोलावून घेतलं न्हाय?"

"न्हाय. परीक्षा नीट दे अन् मगच ये म्हणाले."

तिनं ओसरीवर बसलेल्या आपल्या वडिलांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मंग असल्या माणसावर तुम्हाला संशय आलाच कसा?"