बिनछपराच्या गाडीचा उंबरा

गुडघा सकाळपासून कुरकुरत होता, म्हणून लव्हेल बॉस्टिक पुकेटांच्या घराच्या पायऱ्या न चढता परस्पर गॅरेजकडे वळला. काखेत जमिनीवर टाकायचा पुठ्ठा, एका खिशात बॅटरी, दुसऱ्या खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते बायकोच्या जुन्या मोज्यात घातलेलं. गाड्या पारखायला त्याला एवढंच लागायचं. बाकीचं सगळं त्याच्या बोटांत होतं, आणि अलीकडे बोटंही त्याचं ऐकेनाशी झाली होती.

वय चौऱ्याहत्तर. त्यातली एकतीस वर्षं त्याने फ्लिंट शहरातल्या मोटारींच्या कारखान्यात एकच काम केलं. गाडीचा सांगाडा समोर आला की वरून छप्पर उतरायचं, आणि लव्हेल ते खांबांना जोडायचा. वेल्डिंगचे तीन ठिपके, मग थोडी जागा, पुन्हा तीन ठिपके. एक गाडी गेली की दुसरी. माणसाकडून एकतीस वर्षं एकच काम करून घ्यायचं आणि दारं बंद करताना म्हणायचं की याला दुसरं काही येत नाही. त्या कारखान्याच्या जागी आता कुंपण आहे आणि आत कमरेएवढं गवत. लव्हेलने मात्र दुसरं शिकून दाखवलं. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की त्याला लोक विचारत, "बॉस्टिकने बघितली का?" नाही म्हटलं की दुकानदारसुद्धा भाव पाडून मागायचे.

पण आता कंटाळा आला होता. लोक गाडी बघायला बोलावत नाहीत, स्वतःच्या मनासारखं ऐकायला बोलावतात. खरं सांगितलं की तोंड पाडतात, जसं काही गंज यानेच आणून लावला.

आजची गाडी होरेस पुकेटची. सत्तर सालची, लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन आणि वर दुमडणारं कापडी छप्पर. होरेस कारखान्यात सीटा बसवायचा. दोघे एका पाळीला, एका युनियनमध्ये, एका चर्चमध्ये. गेल्या नोव्हेंबरात होरेस गेला. आता त्याची बायको अर्नेस्टीन घर आवरून जॉर्जियाला लेकीकडे चालली होती. सामानाचा ट्रक शनिवारी यायचा होता आणि आज सोमवार. लेकीच्या घरी खाली एक खोली काढायची होती, कारण अर्नेस्टीनला आता जिने चढवत नव्हते. ती खोली या गाडीच्या पैशातून निघणार होती. हे तिने लव्हेलला फोनवर एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची गरज नव्हती.

गिऱ्हाईक आधीच येऊन थांबलं होतं. गॅरेट व्हँडरमूलन, सरोवराकडच्या गावाचा फर्निचरवाला, पन्नाशीचा, बुटांना चिखल नसलेला माणूस.

"मिस्टर बॉस्टिक, मी सगळीकडे चौकशी केली. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

"होरेस माझा मित्र होता. फोनवर सांगितलंय ते पुन्हा सांगतो. मैत्री असली तरी दिसेल तेच बोलेन. चालत नसेल तर दुसरा बघा."

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं," गॅरेट हसला. "माझ्या दोन मुली आहेत. मोठी सतराची. उन्हाळ्यात छप्पर खाली करून सरोवरावरच्या मोठ्या पुलापलीकडे उत्तरेला जायचं, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. चालवणारही तीच."

लव्हेलने नुसतं "हं" केलं.

अर्नेस्टीन बाजूच्या दारातून आली. अंगात रविवारचा कोट, सोमवारी. "बॉस्टिकभाऊ, गुडघ्याने उशीर केला की तोंडाने?"

"तोंड अजून झोपेत आहे."

"झोपू दे मग. आज त्याला उठवायचं काही काम नाही." ती गॅरेटकडे वळली. "यांना फार बोलतं करू नका हं, लगेच भाषण सुरू करतात. संपाच्या वेळी फाटकावर चार तास बोलले होते. शेवटी मालक नाही, पाऊस ऐकून गेला."

गॅरेट हसला. लव्हेल हसला नाही. शहराच्या नळाचं पाणी विषारी झाल्यापासून साठवलेले पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे बाजूला सारून त्याने गाडीवरची चादर ओढली.

गाडी अजून देखणी होती. त्याने आधी इंजिनावरचा ठोकलेला क्रमांक पाहिला, मग काचेखालच्या पत्र्यावरचा. दोन्ही जुळले. मागचं झाकण उघडून सुट्या चाकाखाली हात घातला. कोरडं. गालिचा उचलून जमिनीचा वास घेतला. कापडी छप्पर वरखाली केलं. मोटर कण्हली, पण काम करून गेली. इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं आणि भिंतीवरची फावडी थरथरली.

"काय आवाज आहे!" गॅरेट पुटपुटला.

"आवाजाला कधी गंज लागत नाही," लव्हेल म्हणाला. "बंद करा."

मग मोज्यातलं चुंबक त्याने चालकाच्या बाजूच्या दारावरून हळूहळू फिरवलं. पत्र्यावर चुंबक चिकटतं, भरावावर सुटतं. दाराच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूला, ते सुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं.

त्याने त्या कडेवरून अंगठा फिरवला. कुणीतरी फार जपून, शिशाचा पातळ थर देऊन कड वाढवली होती. वर, त्याच कडेला, पत्रा घासून कमी केला होता. इतकं सफाईने की दार आणि गाडीचं अंग यांमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसावी. बिजागरीमागे पातळ चकत्या सारलेल्या. एक, दोन, चार. असलं काम रंगारी करत नाही. असलं काम वेळ असलेला आणि काहीतरी लपवायचं असलेला माणूस करतो.

लव्हेलला ही गाडी आठवत होती. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने हिच्या दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या लांब पोकळ पेट्या खाऊन टाकल्या होत्या. लव्हेल त्या पेटीला उंबरा म्हणायचा. ते दोन्ही उंबरे याच गॅरेजात त्याने स्वतः कापून नवे जोडले होते. फुकट. मित्राचं काम.

पुठ्ठा टाकून तो आडवा झाला. गुडघ्याने जोरात नकार दिला, तरी झाला. बॅटरीच्या उजेडात काळ्या डांबरी थराखाली सांधा दिसला. तीन ठिपके, थोडी जागा, तीन ठिपके. स्वतःची सही माणूस विसरेल, हे नाही विसरत.

"जॅक द्या," तो खालूनच म्हणाला. "पुढच्या चाकाच्या मागे लावा. हळू. दोन बोटं वर."

गॅरेटने जॅक फिरवला. गाडीचं नाक उचललं. लव्हेल बाहेर येऊन, धापा टाकत, दाराकडे बघत राहिला. वरची फट मिटत मिटत गेली आणि पत्रा पत्र्याला टेकला.

"आता दार उघडा."

गॅरेटने कडी ओढली. दार हललं नाही. त्याने जोर लावला. तरी नाही.

"अडकलं?"

"अडकलं नाही. गाडी वाकली."

अर्नेस्टीनने भुवया वर नेल्या. "जॅकवर चढवून कुठलीही गाडी वाकेल. मला खुर्चीसकट उचला, मीही वाकेन."

लव्हेल एका गठ्ठ्यावर बसला. त्याला सगळं एकदम समजलं होतं. छपराच्या गाडीत छप्पर भार उचलून धरतं, खालचा उंबरा कापला तरी सांगाडा जागचा हलत नाही. बिनछपराच्या गाडीत उंबरा हाच कणा. तो कापण्याआधी दोन्ही खांबांच्या मध्ये लोखंडी टेकू द्यावा लागतो, नाहीतर इंजिनाच्या वजनाने गाडी सैल बाजेसारखी मध्ये खचते, आणि खचलेल्या अवस्थेतच नवा उंबरा जोडला जातो. हे कुठल्याही गल्लीतल्या मेकॅनिकला माहीत असतं. पण लव्हेलने आयुष्यभर छपरंच जोडली होती. बिनछपराच्या गाड्या दुसऱ्या रांगेत बनायच्या, त्या त्याच्यापर्यंत कधी आल्याच नाहीत. छप्पर असणारच, हे त्याच्या हाताने इतकं गृहीत धरलं होतं की टेकू द्यावा हे मनातसुद्धा आलं नाही.

आणि त्यानंतर दर ऑगस्टला, गावातल्या विटांनी बांधलेल्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली की, तो होरेसला विचारायचा, "दार बरं लागतंय ना रे?" होरेस म्हणायचा, "लोणी आहे, लोणी." आणि पलीकडचं दारही लव्हेलला बसायला स्वतःच उघडून द्यायचा, त्याचा हात लागू द्यायचा नाही. चोवीस वर्षं.

"मिस्टर बॉस्टिक?" गॅरेट म्हणाला. "काय ते सांगा ना."

अर्नेस्टीन लव्हेलकडे बघत होती. तिचा चेहरा हलला नाही, पण तिने कोटाचं एक बटण काढलं आणि पुन्हा लावलं. तिला माहीत होतं. लव्हेलला ते त्या बटणावरून कळलं.

एक वाक्य पुरलं असतं. जुनी गाडी आहे, थोडं इकडेतिकडे असायचंच. शनिवारी ट्रक आला असता, लेकीच्या घरी खोली झाली असती, आणि फ्लिंटमधल्या प्रत्येक दुकानात बॉस्टिकचं नाव होतं तिथेच राहिलं असतं. लव्हेल इतका थकला होता की ते वाक्य जिभेवर आपोआप येऊन बसलं.

"तुमची ती सतरा वर्षांची," तो म्हणाला, "किती वेगाने चालवते?"

"सतरा वर्षांची मुलगी जितकी चालवते तितकी."

"मग ही घेऊ नका. मिरवणुकीत दहाच्या वेगाने चालेल. हमरस्त्यावर बाजूने कुणी ठोकली तर हा उंबरा घडी होऊन आत येईल. चुकीचा जोडलाय, टेकू न देता. वर दार घासून-भरून ते झाकलंय."

"कुणी केलं हे? होरेसने?"

"झाकलं होरेसने. चुकीचं मी केलं."

गॅरेटने वाकून दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

"नीट होऊ शकते?"

"होते. टेकू देऊन, सगळं कापून, पुन्हा जोडून. शनिवारपर्यंत नाही."

गॅरेटने टोपी काढून पुन्हा घातली. अर्नेस्टीनची माफी मागितली, जशी काही त्याची चूक असावी. "जूनमध्ये झाली तर मला फोन करा. बघू." असल्या "बघू"चा अर्थ लव्हेलला युनियनच्या तीस वर्षांच्या वाटाघाटींनी शिकवला होता. गॅरेटची मोटार वळून गेली.

अर्नेस्टीनने तेवढीच वाट पाहिली होती. मग भाऊ वगैरे सगळं गळून पडलं.

"लव्हेल, तू माणूस आहेस का फाटक? जे येईल ते बाहेर! तू उंबरे जोडून गेलास आणि तीन रविवार, तीन रविवार होरेस चर्चला आला नाही. पाद्रीबुवांना मी काय सांगितलं? कंबर धरलीय. आणि हा इथे बसून कानशीने दार घासतोय. का? तर लव्हेलला कळलं तर तो खचेल, तो फार मानी आहे. गाडी खचली ती खचली, वर तुझीही काळजी आम्हीच घ्यायची! त्याने चोवीस वर्षं सांभाळलं, तुला एक दुपार सांभाळता आलं नाही?"

"त्याने मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

लव्हेलने विचार केला. "भांडलो असतो. म्हणालो असतो की तुझं दारच वाकडं."

"वर्षभर बोलला नसतास."

"दोन वर्षं."

ती हसली नाही. पाण्याच्या गठ्ठ्यावर, त्याच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसली. "मुलीला काय सांगू? खोलीचा नकाशा तिने भिंतीला लावून ठेवलाय."

"सांग की लव्हेलने मोडली. खरंच आहे ते."

"आणि तू? उद्यापासून दुकानांतले लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना?"

"म्हणू देत. फर्निचरवाला घरी पोचायच्या आत म्हणायला लागतील." त्याने हात पुढे धरून पाहिले. डावा थरथरत होता, तो वेल्डिंगचा हात. "गाडी इथे ठेव किंवा माझ्याकडे पाठव. मी सरळ करतो. जून होईल, कदाचित ऑगस्ट. हाताने दगा दिला तर दुसऱ्याला देईन, पण समोर उभा राहून करून घेईन. विकली की मगच तुला फोन करेन."

"फुकट करशील, पुन्हा?"

"पुन्हा."

"मागच्या फुकटाने काय दिलं ते बघतेच आहे मी."

तो उठला, म्हणजे आधी गुडघा, मग कंबर, मग उरलेला लव्हेल. जॅक उतरवला. दार सुटलं. ते उघडून त्याने पुढच्या खांबाला मोजपट्टीचं टोक लावलं आणि मागच्या खांबापर्यंत पट्टी ताणायचा प्रयत्न केला. थरथरत्या हातातून टोक सुटून पट्टी खळकन परत गुंडाळली गेली. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं.

"काय चाललंय?"

"टेकूचं माप. तेच तर घेतलं नव्हतं तेव्हा."

तिने थोडा वेळ त्याची फजिती बघितली. मग रविवारचा कोट काढून सीटवर टाकला, आली, आणि पट्टीचं टोक खांबावर अंगठ्याने दाबून धरलं.

"हलवू नकोस," तो म्हणाला.

"मी हलवत नाहीये, तू हलतोयस. वाच लवकर, अजून स्वयंपाकघरातली कपाटं आवरायचीत मला."

लव्हेलने चष्मा कपाळावर ढकलला, वाकला, आणि आकडा मोठ्याने वाचला. मग तिला टोक तसंच धरायला सांगून पुन्हा एकदा वाचला.