बाबांच्या आवाजाचं पॅकेज

बाबांचे डोळे शुगरने गेले, तेव्हापासून आमच्या भिलाईच्या घरात सकाळी सगळ्यात आधी बोलतो तो संगणक. त्यावर लिनक्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर मीच बसवून दिलं. पडद्यावरचं सगळं ते वाचून दाखवतं. बाबा बातम्या ऐकतात, भंडाऱ्याच्या आत्याला मेल लिहितात. जन्मभर स्टील प्लांटमध्ये राबलेल्या माणसाला दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटते, आणि आमचे बाबा तर जरा जास्तच मानी.

त्या दिवशी आवाज खरखरत होता. मला कुम्हारीची बस गाठायची होती, आणि घाईत माझं डोकं लवकर तापतं. नेटवर कुणीतरी लिहिलं होतं, आवाजाचं अमुक पॅकेज काढून टाका, खरखर जाईल. मी कमांड दिली.

लिनक्समध्ये पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे छोटे गठ्ठे, एकमेकांवर टेकून असतात. खालचं काढलं की वरचीही निघतात. मात्र आधी मशीन सगळ्यांची नावं दाखवतं आणि विचारतं, पुढे जायचं का? ती नावं मी कधीच वाचत नाही. त्या दिवशी मशीनच ती मोठ्याने वाचायला लागलं, एकामागून एक, सपाट स्वरात. माझं बोट 'वाय'वर, म्हणजे 'हो'वर, होतंच.

"थांब!" बाबांनी चाचपडत माझं डावं मनगट धरलं. "का करून राहिली तू? त्यानं सोताचंच नाव घेतलं."

"बाबा, सोडा न. बस सुटून राहिली माही."

"मले ऐकू आलं. वाचणारा बी जाऊन राहिला त्यात."

मी पडद्याकडे पाहिलं. बोलणारं पॅकेज, पडदा वाचणारं पॅकेज, दोन्ही यादीत. 'वाय' दाबलं असतं तर बाबांचं सगळं वाचन तिथेच मुकं झालं असतं. मी 'एन' दाबलं.

बस गेली ती गेलीच. मला मशीनचा भयंकर राग आला होता. इतकं महत्त्वाचं पॅकेज हे निमूट काढू कसं देतं? प्रत्येक पॅकेजला अग्रक्रम ठरवून दिलेला असतो. ज्याच्यावाचून यंत्रणाच अडेल, त्याला मशीन सहजी हात लावू देत नाही. मोकळ्या उजव्या हाताने मी या पॅकेजची माहिती उघडली. अग्रक्रमाची ओळ दिसताच, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी बंद करायला गेले, पण मशीनने वाचलंच.

"प्रायॉरिटी, ऑप्शनल."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजे नसलं तरी चालते?"

"मशीनचं चालते, बाबा. आपलं नाही चालत."

तेव्हा कुठे त्यांनी माझं मनगट सोडलं.