पिठातली अक्षरं

“थोरलीची मला काळजी नाही. ती इंग्रजी शाळेत शिकते, तिला मी काय शिकवणार?” आई शेजारच्या मावशींना सांगत होती. मी पाण्याची कळशी घेऊन दाराआड थबकले. पुण्याच्या बोर्डिंगमधून सुट्टीला मी कार्ल्याला घरी आले होते.

“लय हुशार हाय पोर,” मावशी हसल्या. “त्वांड उघडत न्हाई, तेवढं सोडा.”

माझ्या पाच धाकट्या भावंडांना आई घरीच शिकवी. त्यासाठी वेगळा वेळ तिला मिळत नसे. भाकरीसाठी परातीत तांदळाचं पीठ घेतलं की ती ते हाताने पसरायची आणि एकेकाचं बोट धरून त्यात अक्षर गिरवून घ्यायची. मग तेच पीठ मळून त्याची भाकरी त्या मुलाला. “माझी ‘ग’ची भाकरी,” म्हणत भावंडं मिरवत.

मला शाळेत स्वतंत्र बाक होता, दौत होती, टाक होता. तरी त्या पिठाने माखलेल्या बोटांचा मला फार हेवा वाटे. सहाव्या वर्षीच मला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. माझं बोट आईने असं कधी धरलंच नव्हतं.

आताही अक्षर गिरवून घेता घेता आईने धाकटीच्या नाकाला पीठ लावलं आणि ती खिदळली. ते मला पाहवेना. कळशी खाली ठेवून मी भावंडांच्या शेवटी जाऊन बसले.

“भूक लागली का गं?” आईने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली आणि बोट पुढे केलं.

“माझं मराठी अक्षर वाईट आहे, आई. मलाही गिरवून दे.”